मेयोनीज वगळून झणझणीत चिकन सॅलड

प्रश्न : डॉक्टरांनी यजमानांना तेलकट कमी करायला सांगितलंय. त्यांना मेयोनीजचं चिकन सॅलड फार आवडतं. मी त्याऐवजी दही आणि हिरवी मिरची घालून केलं, तर तासाभरात खाली पाणी सुटलं, चिकन चिवट झालं आणि तिखट नुसतं जिभेला झोंबलं. घरी हलकं पण चवदार सॅलड कसं करावं? ते डब्यात देता येईल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, दही घेतलंत हे उत्तमच केलंत. मेयोनीजमध्ये बहुतांश तेलच असतं, एका मोठ्या चमच्यात ९० ते १०० कॅलरी सहज जातात. पण दही तसंच्या तसं चालत नाही, त्याचा चक्का करावा लागतो. गाईच्या दुधाचं अर्धा किलो दही फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. श्रीखंडासाठी मिळणारा विकतचा चक्का बहुधा म्हशीच्या दुधाचा असतो. तो जास्त स्निग्ध, म्हणून या कामाला नको.

आता चिकन. खरी गोम इथेच आहे. ब्रेस्ट पीसमध्ये चरबी अगदी थोडी, त्यामुळे तो जरा जास्त शिजला की चिवट होतो. कुकर तर अजिबात लावू नका. तुमच्याकडे रश्श्याआधी अळणी, म्हणजे तिखट-मसाला न घालता शिजवलेलं चिकन, करतात ना, तसंच करायचं. अर्धा किलो ब्रेस्ट पीस बुडतील एवढ्या गार पाण्यात हळद, ठेचलेलं आलं-लसूण, चार मिरी आणि मीठ घाला. पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले की आच अगदी मंद करा. आठ-दहा मिनिटांनी गॅस बंद करून झाकण ठेवा आणि आणखी दहा मिनिटं हात लावू नका. मग सर्वांत जाड तुकडा मधोमध कापून पाहा. आत गुलाबी दिसलं तर परत मंद आचेवर ठेवा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर आत ७४ अंश सेल्सियस हवेत. कोमट होईपर्यंत चिकन त्याच पाण्यात राहू द्या, म्हणजे कोरडं पडत नाही. कापताना धागे ज्या दिशेने जातात त्याच्या आडवी सुरी चालवा. उरलेलं अळणी पाणी लिंबू पिळून प्या, फेकू नका.

तिखटासाठी ठेचा करा, कच्ची मिरची नको. चार-पाच मिरच्या नि सहा लसूणपाकळ्या अर्धा चमचा तेलावर डाग पडेपर्यंत भाजा, मग जिरं आणि जाड मीठ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटा. मिक्सरने त्याची चटणी होते, ती मजा नाही. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतो, आणि दुधा-दह्यातली प्रथिनं त्याला धरून ठेवतात. म्हणून ठेचा आधी चक्क्यात कालवून अर्धा तास मुरू द्या. झोंबणं कमी होतं, झणका राहतो. सगळा ठेचा एकदम घालू नका. अर्धा घाला, चाखा, मग ठरवा. यजमानांना रक्तदाबही असेल तर जाड मिठाचा हात आखडता घ्या.

चिकन पूर्ण गार झाल्यावरच चक्क्यात मिसळा. मग उभा पातळ चिरलेला कांदा, बिया काढलेली काकडी, भरपूर कोथिंबीर, लिंबू आणि एक चमचा दाण्याचं जाडसर कूट. कूट वगळावंसं वाटेल, पण तेवढं राहू द्या. मेयोनीजमुळे जो भरीवपणा येतो त्याची उणीव तेच भरून काढतं. काकडीला मात्र कोशिंबिरीचाच नियम : मीठ अगदी वाढताना. आधी घातलं की पाणी सुटलंच.

डब्याचं म्हणाल, तर ऑफिसात फ्रीज असेल तरच द्या. शिजलेलं चिकन बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तेवढाही वेळ नको. चक्का-चिकन एका डब्यात, कांदा-काकडी दुसऱ्या डब्यात, बर्फाच्या पिशवीसह. सोबत ज्वारीची भाकरी द्या, पावापेक्षा ती या ठेच्याला जास्त शोभते. घरी फ्रीजमध्ये चक्का-चिकन तीन दिवस चांगलं राहतं, पण काकडी त्या-त्या वेळी ताजीच चिरा.