लंडनमध्ये अर्धा दिवस मोकळा आहे. टेट मॉडर्न हे आधुनिक कलेचं संग्रहालय बघण्यात अर्थ आहे का? 'हे तर आमचा पोरगाही करेल' असं सगळे म्हणतात.

अर्थ आहे. पण अर्ध्या दिवसात सगळं उरकायचा बेत असेल तर त्यापेक्षा थेम्समध्ये बोटीने फिरा. कायमचा संग्रह फुकट आहे, तिकीट फक्त मोठ्या प्रदर्शनांना. म्हणजे पैसे वसूल करायचा प्रश्नच नाही. दोन तास, एक मजला, बस्स.

मिलेनियम ब्रिजवरून आलात की समोर नदीकडचं दार दिसतं. तिथून शिरू नका. वळसा घालून पश्चिमेच्या दाराने उतारावरून टर्बाइन हॉलमध्ये उतरा. हे जुनं वीजघर, 2000 साली संग्रहालय झालं, आणि त्याचा आवाका इथूनच कळतो. सगळे छताकडे बघतात, तुम्ही फरशी बघा. डोरिस साल्सेडो या कोलंबियन शिल्पकार बाईने 2007 मध्ये या काँक्रीटमध्ये 167 मीटर लांबीची भेग केली होती. नंतर ती बुजवली, पण वण अजून दिसतो. लोक तो तुडवत कॅफेकडे जातात.

आता तुमचा पोरगा. हे वाक्य बऱ्याचदा अमेरिकन शिल्पकार कार्ल आंद्रेने रचलेल्या विटांवरून निघतं. 120 भट्टीच्या विटा, दोन थर, सिमेंट नाही, उंची जेमतेम 13 सेंटीमीटर. टेटने त्या 1972 मध्ये घेतल्या. 1976 मध्ये वर्तमानपत्रांनी 'जनतेचा पैसा पाण्यात' म्हणून धुरळा उडवला आणि एकाने त्यांवर निळा रंगही ओतला. आरडाओरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी विटा मोजल्या असतील, शंकाच आहे. एका थरात 60 विटा. त्यांचे आयत करा: 3×20, 4×15, 5×12, 6×10. (1×60 आणि 2×30 त्याने सोडून दिले.) वीट लांबीने लावायची की रुंदीने, म्हणून चाराचे आठ. आंद्रेच्या या 'इक्विव्हॅलंट' मालिकेत बरोबर आठ रचना आहेत, टेटची आठवी. आठही ठिकाणी विटा तेवढ्याच, घनफळ तेवढंच, तरी एक लांब पट्टी वाटते नि दुसरा बसका ओटा. पोराने जरूर रचाव्यात, विटांना कोण नाही म्हणतंय? आधी हे आठ कागदावर काढून दाखवू दे. गवंड्याची सफाई शोधायला गेलात तर निराशाच होणार, आणि तो दोष विटांचा नाही.

चित्रकार रॉथकोच्या चित्रांच्या खोलीत उलटं होतं. उजेड मुद्दाम मंद ठेवलेला असतो, त्याला तसाच हवा होता. बाहेरच्या लखलखाटातून आत गेलं की सगळं काळपट लाल दिसतं आणि माणसं अर्ध्या मिनिटात परततात. डोळे सरावायला पाच-दहा मिनिटं द्या, मग तांबड्या-काळ्या कडा एकमेकींपासून सुटू लागतात.

मांडणी काळानुसार नाही, विषयानुसार आहे. त्यामुळे 'सुरुवात कुठून' असं शोधत बसू नका. पाटीवरचं साल मात्र नीट वाचा. द्युशाँ या कलावंताने कलाकृती म्हणून मांडलेल्या मुतारीवर 1917 असतं, पण समोरची प्रतिकृती 1964 ची, मूळ कधीच हरवली.

आणि हो, कलाकृती बदलत राहतात, उसन्या बाहेरही जातात. विटा कित्येकदा गोदामात असतात. टेटच्या साइटवर प्रत्येक कलाकृतीचं पान आहे, सध्या मांडलेली आहे की नाही ते तिथे कळतं. विमानतळावरून थेट जाणार असाल तर मोठी सुटकेस आत नेऊ देत नाहीत, ती आधी कुठेतरी ठेवा.