नऊ वर्षांच्या शुश्रूषेनंतर

प्रश्न: मी 56 वर्षांची, सांगलीला राहते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नऊ वर्षं त्यांचं सगळं केलं. गेल्या आषाढात त्या गेल्या. मुलगा बंगळूरला असतो. आता वेळच वेळ आहे, पण सकाळी कशासाठी उठायचं तेच कळत नाही. शरीर, मन आणि आत्म्याचा समतोल साधला की जीवनाचं ध्येय आपोआप सापडतं, असं एका व्याख्यानात ऐकलं. तेव्हापासून पहाटे पाचला सूर्यनमस्कार, मग प्राणायाम, गीतेचा अध्याय, संध्याकाळी ध्यान, असं तीन महिने चाललंय. रात्री मात्र एक-दीडपर्यंत झोप नाही. उलट जास्तच पोकळ वाटतं. त्याच मंडळींचं 45,000 रुपयांचं निवासी शिबिर आहे. मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिराला जा. माझं चुकतंय कुठे?

ताई,

नऊ वर्षांच्या शुश्रूषेबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत आणि तीन महिन्यांच्या दिनक्रमाबद्दल भरभरून. मला त्या एका वाक्याबद्दलच बोलायचं आहे.

अंथरुणावरच्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडाशी, टाचांना जखमा होतात. अंग पुसायचं, चादर माणसाला न उठवता बदलायची, भरवताना ठसका लागू नये म्हणून पाठीशी उशा लावायच्या, औषधांच्या वेळा सांभाळायच्या आणि रात्री जराशी हालचाल झाली तरी जागं व्हायचं. हे तुम्ही नऊ वर्षं केलंत. शरीर राबत होतं, मनाला दुसरीकडे जायला फुरसत नव्हती, आणि ज्याला तुम्ही आत्मा म्हणता तोही तिथेच गुंतलेला असणार. नुसत्या कर्तव्यापोटी इतकी वर्षं निभत नाहीत. ज्या समतोलाच्या शोधात तुम्ही आज पहाटे पाचला उठता, तो तुम्ही जगलेल्या आहात. ज्या कामामुळे तो होता, ते एका दिवशी थांबलं.

तेरावं झाल्यावर लोक म्हणाले असतील, ‘सुटल्या बिचाऱ्या, आणि तूही सुटलीस.’ ज्यांच्या मते आपली सुटका झाली, त्यांच्यापुढे रडता येत नाही. सासूसाठी सुनेने वर्षभर शोक करावा, हे तर आपल्याकडे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ताई, तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुम्हाला दुःख झालं आहे, आणि ते तुम्ही अजून कुणाजवळ बोललेल्या नाही.

आधी समतोल, मग ध्येय, हा त्या व्याख्यानातला क्रम मला पटत नाही. बाबा आमट्यांना मणक्याच्या आजाराने बसता येत नव्हतं. उभं राहायचं नाहीतर आडवं पडायचं. त्याच अवस्थेत, सत्तरीच्या घरात असताना, 1985 मध्ये ते तरुणांना घेऊन ‘भारत जोडो’ यात्रेला कन्याकुमारीहून निघाले, स्वतः वाहनात आडवे पडून. त्यांचं शरीर समतोलात येण्याची वाट आनंदवनातल्या कुष्ठरुग्णांनी पाहिली असती तर? माणूस आधी कशात तरी गुंततो, मग शरीर-मन जमेल तसं मागून येतं.

पण झोपेचं मी फार गांभीर्याने घेते. तुम्ही गीता वाचता, तर सहावा अध्याय पुन्हा उघडा. अति झोपणाऱ्याला योग साधत नाही आणि जागत राहणाऱ्यालाही नाही, असं तिथे स्वच्छ सांगितलं आहे. दीडला झोपून पाचला उठणं आजपासून बंद करा. सूर्यनमस्कार आठला घातले तरी चालतात. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12, साखर तपासून घ्या. यातलं काही बिघडलं तरी थकवा आणि उदासी येते, आणि आपण ती अध्यात्माच्या खात्यात टाकतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. नैराश्यावर उपचार आहेत. जगणं नकोसं वाटलं तर एक रात्रही थांबू नका. ‘टेली मानस’चा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

इगतपुरीचं शिबिर चांगलंच आहे, तिथे शुल्कही घेत नाहीत. पण दहा दिवस मौन आणि रोज दहा-एक तास ध्यान हे झोप उडालेल्या, दुःख आत कोंडलेल्या माणसासाठी जड जातं. अर्जात ते मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही. झोप सुधारू द्या, बोलून मोकळ्या व्हा, मग जरूर जा.

बोलायचं कुणाशी? आधी यजमानांशी. त्यांची आई गेली आहे. तुम्ही पत्रात त्यांचा उल्लेखही केला नाहीत, म्हणजे दोघं वेगवेगळ्या खोल्यांत एकच दुःख सोसत आहात की काय, अशी मला शंका येते. सासूबाईंबद्दल बोला. त्यांचा हट्टीपणा, तुम्हाला आलेला राग, शेवटची रात्र, सगळं.

आणि महिन्या-दोन महिन्यांनी, अंगात त्राण आल्यावर, आपल्याच गल्लीत पाहा. अंथरुणावरचं माणूस आणि त्याच्यापायी घराबाहेर न पडलेली एखादी सून किंवा मुलगी तुम्हाला नक्की सापडेल. तिला आठवड्यातून एक दुपार द्या. ‘मी बसते यांच्यापाशी, तू बँकेत जा, देवळात जा, नाहीतर नुसती झोप.’ तिला चादर कशी बदलायची ते दाखवा. तुम्हाला जे येतं ते पुस्तकात वाचून येत नाही, आणि तिला शिकवणारं कुणी नसतं. मात्र एकच दुपार. पुन्हा नऊ वर्षं स्वतःला विसरायला मी सांगत नाही.

आता शिबिराचं. 45,000 रुपये भरू नका. तारीख जवळ आली आहे, जागा संपत आल्या आहेत, असे फोन येतील. तरीही नाही म्हणा.