क्रूझवर जाण्याआधी टुरिस्ट व्हिसा कसा काढावा? बोटीवरून उतरणार नसलो तरी लागतो का?

बहुतेक वेळा लागतो. उतरायचं नाही म्हणून सूट मिळेल, असं गृहीत धरू नका. कागद अपुरे असतील तर क्रूझ कंपनी बंदरावरच चढू देत नाही, आणि अशा वेळी पैसे सहसा परत मिळत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ 'एंट्री'त होतो. समजा बोट बार्सिलोनाहून निघाली, मधे ट्युनिशियातल्या ट्युनिसला थांबली आणि परत बार्सिलोनाला आली. स्पेन शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) आहे, ट्युनिशिया नाही, म्हणजे परतताना तुमची दुसरी एंट्री झाली! व्हिसाच्या स्टिकरवर एंट्रीच्या रकान्यात 01 असेल तर तिथेच अडकाल. 02 किंवा मल्ट हवं, त्यामुळे अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि सोबत बंदरांच्या तारखांसह पूर्ण प्रवासक्रम जोडा. ट्युनिशियाचे नियम तुमच्या पासपोर्टला काय लागू होतात, तेही वेगळं बघा.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत 15 दिवस आहे, पण तिथवर थांबू नका, अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात. अर्ज जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखेच असतील तर जिथे आधी प्रवेश करणार तिथे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच.

पासपोर्ट प्रवास संपल्यानंतर 6 महिने तरी वैध असू द्या, बऱ्याच क्रूझ कंपन्या तेवढी मुदत मागतात.