सिन्नरकडची आमची डोंगरमाथ्यावरची जमीन पवनचक्कीला चालेल का?

तुम्ही लिहिलंय की माथ्यावर नऊ एकर बरड आहे, पावसाळ्यात उभं राहवत नाही इतका वारा असतो आणि एक एजंट चकरा मारतोय. वारा मोजायचे मास्ट, म्हणजे उंच खांब, उभे करायचं काम मी काही वर्षं केलंय, त्यावरून सांगतो.

पावसाळ्याचा वारा आधी बाजूला ठेवा. जून ते ऑगस्ट आपल्याकडे कुठल्याही माथ्यावर टोपी उडते. खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरची, तेव्हा पाती नुसती लोंबकळतात. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. सेकंदाला 5 मीटरचा वेग 6 झाला, तर ताकद 73 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सरासरी अर्ध्या मीटरने चुकली तरी सगळा हिशेब कोसळतो. म्हणूनच निदान वर्षभर मोजमाप लागतं. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेचा नकाशा जरूर बघा, पण तो अंदाजच.

जागा अगदी कड्यावर असेल तर आणखी एक भानगड. एकदा आम्ही कड्यापासून दहा पावलांवर मास्टची जागा आखली होती. शेळ्या घेऊन आलेले एक बाबा म्हणाले, "इथं वारा फिरतो रं, जरा आत घ्या." मी काठीला रिबीन बांधून धरली. ती सरळ फडफडेना. वर उसळायची, मधेच कड्याकडे उलटायची. असा घुसळलेला वारा मशीनला खातो. मास्ट आत सरकवला, आकडे चांगले आले. तरीही तो प्रकल्प बारगळला, कारण पन्नास मीटरच्या वर लांब पातं घेऊन येणारा ट्रेलर गावातल्या पाराशी वळेना! माझ्या मते वाऱ्यापेक्षा रस्ताच जास्त जागा बाद करतो. तुमच्याकडे पाणंद असेल तर ती किती रुंद आहे आणि नकाशावर आहे की नुसती वहिवाटीची, ते आधी बघा.

सबस्टेशन किती लांब? दूर असेल तर लाईनचा खर्च आणि मधल्या प्रत्येक शेतकऱ्याची मनधरणी. सातबारा सामायिक असेल तर सगळ्यांच्या सह्या. आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर परवानगीशिवाय व्यवहारच नाही. घरं पाचशे मीटरच्या आत नसलेली बरी. ओझर विमानतळामुळे उंचीची ना हरकत लागू शकते. अंजनेरीच्या गिधाडांकडे किंवा नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याजवळ असता, तर मी सरळ नको म्हटलं असतं.

आणि नऊ एकरांत मशीन एकच बसेल. दोन मशीनमध्ये पात्यांच्या घेराच्या व्यासाच्या पाचेक पट अंतर ठेवतात, म्हणजे चारपाचशे मीटर तरी. त्यामुळे शेजाऱ्यांना धरून बोललात तरच भाव करता येईल. विश्रामगडाजवळच्या पवनचक्क्या एकदा बघून या, किती पसरून उभ्या आहेत ते कळेल.

एजंटला नोटरीवर काही लिहून देऊ नका. माथ्यावरून पश्चिमेला काय दिसतं, मोकळं की दुसरा उंच डोंगर, तेवढं कळवा, मग पुढचं सांगतो.