चिखलाने माखलेली ई-एमटीबी धुणं, आणि ती सर्व्हिस सेंटरला देण्याआधीचं थोडंसं

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. चिखलातून आलात, ई-एमटीबी, म्हणजे बॅटरी-मोटरची डोंगरी सायकल, पाइपने धुतली. सकाळी काढली तर थोडं अंतर जोर देऊन मोटर गप्प झाली आणि स्क्रीनवर एरर आला. आता सर्व्हिस सेंटरवाला फोनवर म्हणतोय, "आणून टाका, बघतो." आणि तुम्ही विचारताय एवढंच, की पुढच्या वेळी प्रेशर वॉशर लांबून धरला तर चालेल का. त्याचं उत्तर देतो. पण गाडी अजून नेऊन टाकली नसेल, तर हे वाचून होईपर्यंत नेऊ नका.

मी मेकॅनिक नाही, कुठल्या कंपनीशी माझा संबंध नाही. चिखलात बरीच वर्षं चालवतोय, इतकीच पात्रता. माझं म्हणणं आणि तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल यात फरक पडला, तर मॅन्युअलचं ऐका. बादली, स्पंज, साबण कुठला, हे सांगत बसत नाही. ते तुम्हाला ठाऊक असणार.

प्रेशर वॉशर नकोच. क्रँकचा, म्हणजे पेडलं ज्यावर फिरतात तो दांडा मोटरमध्ये जिथे शिरतो तिथे रबरी सील असतं आणि त्याची पातळ कड फिरत्या दांड्याला टेकून असते. उडालेलं पाणी तिच्यावरून ओघळून जातं. जोराची धार बसली की ती कड उचलली जाते, पाणी आत जातं आणि कड परत जागेवर बसते. म्हणजे आत गेलेल्या पाण्याला बाहेर यायला वाटच राहत नाही. चाकांच्या हबला, हेडसेटला (हँडल जिथे फिरतं तो सांधा), मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांना हेच लागू. साध्या सायकलवर याची किंमत एका बेअरिंगएवढी असते, इथे मोटरएवढी.

"पण मोटर वॉटरप्रूफ आहे" म्हणणारे भेटतील. त्यांना आयपी नंबर विचारा, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती संरक्षण आहे ते सांगणारा आकडा. ई-बाइकच्या बऱ्याच भागांवर आयपी ५४ किंवा आयपीएक्स ४ असं लिहिलेलं असतं. शेवटचा ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडालेल्या पाण्यापासून संरक्षण. बस. धारेची चाचणी ५ पासून सुरू होते: ६.३ मिलिमीटरच्या नोझलमधून मिनिटाला साडेबारा लिटर. ६ ला नोझल १२.५ मिलिमीटरचं आणि पाणी मिनिटाला १०० लिटर. पाणी पुष्कळ वाटतं, पण दाब वॉशरच्या मानाने काहीच नाही. घरगुती वॉशर सहज १०० बारच्या आसपास जातो, आणि तसल्या दाबाची चाचणी थेट ९ व्या पायरीवर येते. अजून एक गफलत नेहमी होते. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवणं. त्यावरून "७ हा ५ पेक्षा मोठा, म्हणजे धारेलाही चालेल" असा हिशेब लोक करतात. तो चुकीचा आहे. बुडवण्याची चाचणी वेगळी, धारेची वेगळी. एकीत पास झालेला भाग दुसरीत पास होईलच असं नाही.

राहिलं "लांबून धरला तर". तत्त्वतः बरोबर आहे, अंतर वाढलं की जोर कमी होतो. पण हातात बंदूक आली की कोणी लांब उभं राहत नाही. चिखल कुठे चिवट असतो? क्रँकच्या मागे, सांध्यांच्या खाचांत, हबच्या भोवती. म्हणजे जिथे सील आहे तिथेच. तो निघेना की माणूस नकळत एक पाऊल पुढे टाकतो. म्हणून माझ्या मते साधा पाइप आणि झारीसारखं पसरट पाणी टाकणारं तोंड एवढंच पुरे. चिखल भिजू द्या, मग ब्रश. घाई करणाऱ्याला प्रेशर लागतं.

आता ज्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही ते. चढ चढून आल्यावर मोटर गरम असते. तिच्यावर लगेच गार पाणी ओतलं की आतली हवा आकसते, बाहेरच्यापेक्षा आतला दाब कमी होतो आणि सीलवर थांबलेलं पाणी आत ओढलं जातं. धार अगदी हळुवार असली तरी हे होऊ शकतं. म्हणून आधी चाकं, टायर, मडगार्ड, हँडलबार उरका. मोटरच्या कव्हरला हात लावून ऊब जाणवेनाशी झाली की मग तिकडे वळा. तापलेल्या ब्रेक रोटरवरही (ब्रेकच्या चकतीवर) गार पाणी मारू नये.

बॅटरी काढून धुवायची की ठेवून, यावर दोन तट आहेत आणि दोन्हीकडे कंपन्या आहेत. माझं मत असं: बॅटरी फ्रेमच्या आत कव्हरखाली नीट बसत असेल आणि मॅन्युअल तसं सांगत असेल, तर सिस्टिम बंद करून ती आतच असू द्या, कारण ती काढली की रिकाम्या खोबणीतले पिन उघडे पडतात. मॅन्युअल काढायला सांगत असेल तर काढा, पण मग ते पिन झाकायची जबाबदारी तुमची. काढलेली बॅटरी ओल्या फडक्याने पुसायची, तिच्यावर पाइप धरायचा नाही. चार्जिंग पोर्टचं रबरी झाकण बोटाने दाबून बघा. त्याच्या कडेला वाळूचा एक खडा अडकला तरी ते पूर्ण बसत नाही. आणि पोर्ट कोरडा झाल्याशिवाय चार्जर लावायचा नाही. ओल्या पिनांवर व्होल्टेज आलं की त्या फार लवकर गंजतात, हिरवट थर धरतो.

आता मूळ मुद्दा. वॉशरपेक्षा मला एका काउंटरनेच जास्त बुडवलं.

माझ्या गाडीलाही तुमच्यासारखंच झालं होतं. थोडं चालवलं की मोटर बंद, एरर, बंद करून चालू केलं की पुन्हा थोडी साथ. गाडी धुतलेली होती, तीसुद्धा बादलीनेच, फक्त पोटाखाली वाळलेला चिखल राहिला होता. ती अधिकृत सर्व्हिस सेंटरला दिली (नाव लिहीत नाही, कृपया विचारू नका). तक्रार तोंडी सांगितली, त्यांनी कार्डावर "मोटर तपासणी" एवढं लिहून घेतलं. पुढे रिपोर्ट आला: मोटरमध्ये पाणी शिरल्याच्या खुणा, वापरकर्त्याकडून अयोग्य धुलाई, वॉरंटी लागू नाही. सोबत बिल. आणि त्याच बिलात, तपासणीच्या ओळीच्या वर, एक ओळ: प्रेशर वॉश.

म्हणजे गाडी स्टँडवर घेण्याआधी त्यांनी ती जेटने धुतली होती. विचारलं तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, घाण गाडी आत घेत नाही, हा नियम आहे. मग पाणी तुमच्या धुण्याने गेलं नाही कशावरून? तर म्हणे आमची माणसं प्रशिक्षित आहेत. रिपोर्टमधल्या फोटोत पाण्याचे स्वच्छ थेंब होते, बेअरिंगवर गंजाचा ठिपका नव्हता. आठवडाभर आत राहिलेलं पाणी असं दिसत नाही, हे मी मेलमध्ये लिहिलं. कंपनीच्या ग्राहक विभागाने तो मेल पुन्हा त्याच सेंटरकडे पाठवला आणि सेंटरने उत्तर दिलं की आमचा रिपोर्ट अंतिम आहे. जिथली तक्रार, तोच न्यायाधीश! त्यांच्या धुण्यानेच पाणी गेलं हे मी आजही सिद्ध करू शकत नाही. पण माझ्यामुळे गेलं हे त्यांनीही सिद्ध केलं नाही. फक्त लिहिणारा हात त्यांचा होता.

बऱ्याच ठिकाणी मोटर उघडून दुरुस्त करत नाहीत, अख्खी बदलतात. मीही शेवटी पैसे भरून नवी घेतली, कारण सीझन जात होता. जुनी मोटर त्यांनी परत दिली नाही, त्यामुळे बाहेरच्या माणसाला दाखवायचीही सोय राहिली नाही. गाडी घेऊन निघालो आणि पहिल्याच चढावर मोटर बंद. तोच एरर.

दोष मोटरमध्ये नव्हताच. मागच्या चाकाजवळच्या स्पीड सेन्सरचा कनेक्टर चिखलाने अर्धवट निसटला होता. हे त्यांना नाही, एका साध्या सायकल दुकानातल्या मुलाला दिसलं, तेही टायर बदलायला गाडी नेली तेव्हा. चाक फिरतंय याचा सिग्नल मिळाला नाही की मोटर थोडा वेळ जोर देते आणि मग बंद होते. तुमची लक्षणं नेमकी हीच आहेत. म्हणून तर एवढं लिहीत बसलोय. तुमचंही तेच असेल अशी खात्री मी देत नाही, पण आधी तिथे बघा. सेन्सर आणि चाकाबरोबर फिरणारा चुंबक समोरासमोर येतात का, चुंबक सरकलाय का. काही गाड्यांत तो स्पोकवर असतो, काहींत रोटरवर किंवा व्हॉल्व्हजवळ. दोघांत किती अंतर हवं ते मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. चुंबकावर काळी बारीक वाळू चिकटली असेल तर ती पाण्याने जात नाही, कारण तिच्यात लोह असतं. चिकटपट्टी लावून उपटा.

हे करूनही सेंटरला न्यावीच लागली तर असं करा. एरर कोड आणि मोटर बंद पडताना, दोन्हीचा व्हिडिओ काढा. गाडी देताना चारही बाजूंनी फोटो, मोटरच्या पोटाचा जवळून. कार्डावर त्यांच्याच हाताने लिहून घ्या: "तपासणीपूर्वी धुवू नये. मोटर उघडण्याआधी सिस्टिममधली एररची नोंद काढून द्यावी. बदललेला भाग परत द्यावा." वॉरंटीत बदललेला भाग बहुधा कंपनीकडे जातो, त्यावर वाद घालू नका, पण पैसे तुम्ही भरणार असाल तर मागाच. काउंटरवरचा माणूस कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. आणि पोटाखालचा वाळलेला चिखल नेण्याआधी घरीच मऊ ब्रशने काढा, म्हणजे "घाण गाडी" हे निमित्तच उरणार नाही. सगळी सेंटरं अशी नसतात. चांगलीही पाहिलीत. पण कोणतं कसं निघेल हे गाडी देताना कळत नाही.

आठवतंय तसं अजून थोडं. मोटरखालच्या प्लॅस्टिकच्या संरक्षक पत्र्याच्या आत चिखल साठतो आणि ओला राहतो. बाहेरून गाडी चकाचक दिसते आणि मोटर आत चिखलात बसलेली असते. तो पत्रा अधूनमधून स्क्रू काढून उतरवा. फ्रेमच्या तळाशी पाणी निचरायला भोक असेल तर ते तुंबलेलं नाही ना बघा. केबल जिथून आत जातात तिथून, सीटपोस्टकडून थोडं पाणी फ्रेममध्ये येतंच, त्याला बाहेर जायला वाट हवी. गाडी उलटी करून धुवू नका. डिस्प्ले, बटणं जमिनीवर घासतात आणि पाणी नको तिकडे वाहतं.

चेन साफ करताना वॉक मोड (गाडी ढकलत नेताना मोटरची साथ देणारी सोय) लावून मोटरने चेन फिरवायची आणि फडकं धरायचं, असले व्हिडिओ फिरतात. बोटं हवी असतील तर करू नका. सिस्टिम बंद, शक्य तर बॅटरी बाहेर, पेडल हाताने उलटं फिरवा. डीग्रीझर, म्हणजे तेलकट मळ काढायचं द्रव, कापडावर घ्या आणि मग चेनवर लावा. स्प्रे केला की तो ब्रेकवर आणि सीलवर उडणार, आणि तेल लागलेलं पॅड पुन्हा पहिल्यासारखं धरत नाही. चेनचा ब्रश आणि ब्रेकजवळचा ब्रश वेगळे ठेवा. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) चकचकीत नळ्या पुसल्याशिवाय फोर्क दाबू नका, वाळलेली रेती सीलमध्ये ओढली जाते.

गाडी कारच्या मागे रॅकवर न्यायची असेल आणि पाऊस असेल तर बॅटरी काढून आत ठेवा, पिन झाका. हायवेच्या वेगाने येणारा पाऊस धारेसारखाच लागतो. हे धुण्यापेक्षा जास्त वेळा नडतं असं माझं मत आहे, पुरावा मागू नका.

वाळवताना आधी कापड, मग हवेशीर सावली. कंप्रेसरची हवा सीलवर किंवा कनेक्टरवर मारू नका, पाण्याला आत ढकलायचं काम तीही करते. ओल्या गाडीवर प्लॅस्टिकचं कव्हर टाकणं सगळ्यात वाईट. पिन कोरड्या झाल्यावर त्यांना हलकं ग्रीस लावायला काही मॅन्युअल सांगतात, तुमचं सांगत असेल तर तेच वापरा.

आणि प्रत्येक फेरीनंतर धुवायलाच हवी असं नाही. चेन, फोर्कच्या नळ्या, सेन्सर पुसला तर उरलेला चिखल एखादा दिवस थांबतो. फोटोसाठी गाडी धुणारे वेगळे, त्यांना माझा नमस्कार.

आज तुम्ही एवढंच करा: बॅटरी बाहेर काढा, तिची आणि खोबणीची पिनं टॉर्चने बघा. बॅटरीच्या आतच पाणी गेल्याची शंका असेल, वास येत असेल, ती फुगली किंवा आपोआप गरम झाली असेल, तर चार्ज करू नका, घरात ठेवू नका. जळण्यासारखं काही जवळ नसेल अशा जागी बाहेर ठेवा आणि डीलरला आधी फोन करा, बॅगेत घालून घेऊन जाऊ नका. तसं काही नसेल तर सेन्सर साफ करा, कनेक्टर दाबून बसवा, एक छोटी फेरी मारा. त्यानंतरही एरर आला तर त्याचा नंबर आणि मोटर कुठली ते इथे लिहा. फोटो टाकलात तर अजून बरं, मागच्या चाकाचा डाव्या बाजूने.