'समविकार' नव्हे, आणि ताकाची गोष्ट

कोथरूडच्या एका वाचकांचा प्रश्न: भाचीच्या प्रबंधाच्या मराठी सारांशात 'ल्युकेमियाच्या पेशी परिपक्व होताना त्यांचे समविकार बदलतात' असं वाक्य आहे. 'समविकार' म्हणजे काय?

काही नाही. असा शब्दच नाही. हवाय 'समविकर', म्हणजे आयसोझाइम: पेशीतल्या रासायनिक क्रिया घडवणाऱ्या एकाच एंझाइमचे, म्हणजे विकराचे, वेगवेगळे प्रकार. काम एकच, घडण वेगळी. हा आगंतुक काना खोडून माझी लाल शाई संपत आली. पेशींना आहे तो आजार पुरे की!

अर्थात टंकणाऱ्याचा दोष निम्माच. 'विकर' आणि 'विकार' दोन्ही वि + कृ मधलेच. रोग एका कान्यावर उभा असताना परिभाषावाल्यांनी नेमका हाच शब्द उचलावा? तोही एंझाइमसाठी 'वितंचक' हा दुसरा शब्द हाताशी असताना! त्यातला धातू तञ्च्, घट्ट होणं. यज्ञासाठी दूध विरजायचं ते आतंचन. त्याच धातूचं तक्र, आणि तक्राचं आपलं ताक! तिकडे 1870 च्या दशकात क्यूने या जर्मन शास्त्रज्ञाने 'एंझाइम' घडवला तोही ग्रीक 'झ्यूमे'वरून, म्हणजे आंबवणावरून, यीस्टवरून. दोन्ही भाषा शेवटी स्वयंपाकघरातच. रात्री चितळ्यांच्या दुधाला चमचाभर विरजण लावणारी सदाशिव पेठेतली आजी 'वितंचक' या शब्दाच्या जास्त जवळ आहे.

'विरजणात जिवाणू असतात, एंझाइम नव्हे,' असं एका प्राध्यापकांनी मला सुनावलं. अहो, मग यीस्ट काय निर्जीव असतं? ग्रीकला चालतं ते संस्कृतला का नाही?

हां, भाचीचं वाक्य. माझं खरं भांडण 'सम'शी आहे. एचएल-60 या ल्युकेमियाच्या पेशी ड जीवनसत्त्वाच्या क्रियाशील रूपाने मोनोसाइट या पांढऱ्या पेशीकडे वळवल्या की प्रथिन कायनेज-सी या संदेशवाहक एंझाइमचा बीटा प्रकार वाढतो. त्याच पेशींच्या ज्या उपवंशात बीटा कमी, तो फॉर्बॉल एस्टर हे पेशींना परिपक्व व्हायला लावणारं रसायन देऊनही मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी पेशी, व्हायला तयार नसतो. बीटाचेही पुन्हा एक आणि दोन असे पोटभेद, तेही एकाच जनुकातून. एक नसला तर पेशी अडून बसते, मग 'सम' कसलं? मी 'वितंचकभेद' लिहितो. 1959 साली 'आयसोझाइम' हा शब्द काढणाऱ्यांना ते पटलं नसतं, हे मान्य.

भाचीला एवढं जड वाटलं तर निदान तो काना तरी काढायला सांगा.