वाचक विचारतात : नाडीचा आकडा स्थिर का राहत नाही?

प्रश्न : शांत बसण्याचा सराव व्हावा म्हणून अर्डुइनो नॅनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाला बोटावरचा पल्स सेन्सर (नाडी टिपणारा) जोडला. निवांत बसलं तरी आकडा ६४ वरून ७४ वर जातो, पुन्हा उतरतो. म्हणून दहा ठोक्यांची सरासरी घेतली. आता आकडा स्थिर आहे, पण श्वास कसाही घेतला तरी हलत नाही. चुकतंय कुठे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : सर्किट ठीक आहे, ती सरासरी काढून टाका. श्वास घेताना ठोके जलद होतात, सोडताना मंदावतात. तुमच्या यंत्राने दाखवायचं आहे ते हेच. मिनिटाला साधारण सहा श्वास घेतले की बहुतेकांमध्ये हा चढउतार सर्वांत मोठा होतो. दहा ठोके म्हणजे जवळजवळ एक अख्खा संथ श्वास. सरासरीत चढ आणि उतार दोन्ही जिरून जातात. त्याऐवजी दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजा आणि ६०,००० ला त्याने भागा : ८०० आलं तर ७५, १००० आलं तर ६०.

सरासरी हवी ती सेन्सरच्या कच्च्या वाचनांची. दर २ मिलिसेकंदांनी एक वाचन घेऊन शेवटच्या १० वाचनांची सरासरी धरा. २० मिलिसेकंद म्हणजे घरच्या ५० हर्ट्झ विजेचं एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे वायरींत शिरलेला विजेचा गोंगाट (हम) आणि ट्यूबलाइटची लुकलुक दोन्ही कटतात. ठोका सापडला की पुढचे ३०० मिलिसेकंद नवा धरू नका. नाडीची लाट उतरताना एक लहान उंचवटा येतो. तो ठोका म्हणून मोजला गेला की आकडा एकदम उसळतो.

आकड्यापेक्षा दिवे बरे, आकडा पाहिला की माणूस तो खाली आणायच्या मागे लागतो. पिन २ ते ९ वर आठ एलईडी, प्रत्येकाला ४७० ओहमचा रेझिस्टर. पट्टीचा मध्य म्हणजे गेल्या मिनिटाची सरासरी, आणि आकडा त्यापासून दर दोनने वर-खाली सरकला की एक दिवा. पिन १० वरचा एलईडी ४ सेकंद उजळवा, ६ सेकंद मंदावत न्या. त्याच्या तालावर श्वास. कोडमध्ये ‘डिले’ (थांबून राहण्याची आज्ञा) नको, त्या वेळात वाचन थांबतं आणि ठोके सुटतात. न थांबता वेळ सांगणारं ‘मिलिस’ वापरा.

बोटावरचा पट्टा घट्ट आवळला तर तिथलं रक्त दाबलं जाऊन लाट सपाट होते. सैल असला तर नुसत्या हालचालीचे झटके दिसतात. थंडीत आधी हात चोळून घ्या. सेन्सरच्या मागचे उघडे जोड ग्लू गनने झाका, घामाने वाचन बिघडतं. श्वास संथ हवा, फार खोल नको. चक्कर आली तर थांबा. पेसमेकर किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : पॉवर बँकेवर हेच यंत्र थोड्या वेळात बंद पडतं. भिंतीवरचा चार्जर लावू का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : नको. बोट सर्किटला टेकलेलं असताना मेन्सशी (भिंतीतल्या विजेशी) संबंधच ठेवू नये. स्वस्त चार्जरचं इन्सुलेशन भरवशाचं नसतं. इतका कमी करंट दिसला की बऱ्याच पॉवर बँका मोबाइल चार्ज झाला असं समजून स्वतःच बंद होतात. ९ व्होल्टची बॅटरी नॅनोच्या ‘व्हीआयएन’ (वीज आत घेणाऱ्या) पिनला द्या, मध्ये एक स्विच. क्लिप बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. बॅटरी ७ व्होल्टच्या खाली गेली की बदला, नाहीतर वाचनंच डळमळू लागतात.